अजब गोदामाचं एक साल

अमरावती, ३ ऑक्टोबर १९६०

ती. स्व. अक्का हिला,

नमस्कार. साष्टांग घातला असता, पण तू पाठ फिरवून बसली आहेस आणि पाठीला नमस्कार करायची आपल्या घरात रीत नाही.

दसऱ्याला तू गोदामाची चावी माझ्या हातावर ठेवलीस. ठेवलीस कसली, आदळलीस. तुझे शब्द मी भिंतीवर रंगवून घेणार होतो, नत्थुजीने अडवलं. तरी पाठ आहेत. "एक साल. सालदारावानी. पुढच्या दसऱ्याले चावी परत, अन् गोदामात कापूस. तवरिक तुह्या त्या चित्राच्या दुकानात मी पाय ठेवत नाई, अन् तुह्याशी बोलतही नाई."

मान्य. तू बोलू नकोस. मी लिहायचं नाही असं काही ठरलेलं नाही.

तुझा राग मला कळतो. भाऊजी गेल्यावर जठारपेठेत बसून तू एकटीने कापसाची आडत चालवतेस. अकोल्याच्या बाजारात तुझ्यासमोर भल्याभल्यांचा आवाज खाली येतो. आणि तुझा एकुलता एक भाऊ अमरावतीला तुझ्यासाठी कापूस घ्यायचं सोडून तुझ्याच गोदामात चित्रं टांगतो. लोक हसणारच. पण अक्का, कापसाच्या गाठींवर कुंचल्याने मार्का घालायला मला पहिल्यांदा कोणी बसवलं? रंगाची चटक तिथेच लागली. मांजराला कढईजवळ तूच बसवलंस, आता साय खाल्ली म्हणून ओरडू नये.

तू मला एक साल दिलंस ते मी हरावं म्हणून, हेही मला ठाऊक आहे. हरला की डोकं ताळ्यावर येईल, असं तू खुशालरावांना म्हणालीस. तुझे दिवाणजी कापूस तोलतात तसं बोलणं तोलत नाहीत, त्यांनी सगळं मला सांगितलं.

भिंतींना चुना झाला. दारावर मी स्वतः पाटी रंगवली: 'अमरावती चित्रकला संग्रहालय'. गाव मात्र याला 'अजब गोदाम' म्हणायला लागलं आहे. नागपूरच्या संग्रहालयाला लोक अजब बंगला म्हणतात, मग आपल्याकडे गोदाम. नत्थुजी, तुझा जुना हमाल, आता दारावर बसतो. मी त्याला गांधी टोपी दिली, ती तो उशाला घेतो.

दिवाळीच्या पाडव्याला उघडतो आहे. येणार नाहीस, तरी बोलावणं केलं.

तुझा
सूर्यभान


अमरावती, ६ नोव्हेंबर १९६०

ती. स्व. अक्का,

बातमी ऐक आणि मग हवं तर पत्र चुलीत घाल. पाडव्यापासून अजब गोदामात माणूस मावत नाही! पहिलं प्रदर्शन वऱ्हाडातल्या चित्रकारांचं आहे. कॅम्पातले वकील येतील, कॉलेजातले दोनचार प्राध्यापक येतील, असा माझा अंदाज होता. ते आलेच नाहीत. आल्या त्या बाया. सकाळपासून रांग. हातात ताटं, डोक्यावर पदर, पोरं कडेवर. एका निवृत्त ड्रॉइंग मास्तरांनी काढलेलं अंबादेवीचं मोठं तैलचित्र दारासमोरच लावलं आहे, त्याच्यासमोर बाया किती वेळ उभ्या राहतात म्हणतेस! इतकी तन्मयता मी मुंबईच्या प्रदर्शनातही पाहिली नव्हती.

वऱ्हाडी माणसाला कला कळत नाही म्हणणाऱ्यांना मी आता बोलावून दाखवणार आहे.

नत्थुजीची तब्येतही सुधारली आहे. खोबरं मानवतं त्याला.

सूर्यभान


अमरावती, २१ नोव्हेंबर १९६०

अक्का,

परवा खुशालराव गोदामाला ओल आली का ते हुंगायला येऊन गेले. म्हणजे तुला आतापर्यंत कळलंच असेल. तेव्हा मीच सांगतो.

त्या ताटांत हळदकुंकू होतं. देवळातून परतताना बाया वाटेत इथे थांबत, चित्रातल्या देवीला कुंकू लावत आणि उंबऱ्यावर नारळ फोडत. मास्तरांनी पंधरा वर्षं जपून रंगवलेल्या कपाळावर आता बोटभर कुंकू चढलं आहे. मास्तर बघून गेले. मला वाटलं रडतील, तर म्हणाले, आता झालं चित्र पुरं. नत्थुजी खोबऱ्याच्या वाट्या गोळा करत होता आणि मी त्याच्याकडे बघत नव्हतो. गर्दी होत होती ना! तुला लिहायला मला गर्दी हवी होती.

मग भागीरथाबाई आल्या. म्युनिसिपालिटीच्या शाळेत शिकवतात, स्टेशनामागच्या वस्तीत राहतात. चार वर्षांपूर्वी त्यांच्या साऱ्या वस्तीने बौद्ध धम्म घेतला. बरोबर शाळेतल्या मुलींची रांग. त्या उंबऱ्याशी थांबल्या, फुटलेल्या नारळाकडे पाहिलं आणि मला विचारलं, "हे देऊळ हाये का चित्राचं घर?"

मी म्हटलं, चित्रांचं घर.

"देऊळ असन तर तसं सांगा. आमी पोरी घेऊन वापस जातो, राग नाई. आमी देव सोडले, चित्रं नाई सोडली."

मी जरा तावातच म्हटलं, लोक आपल्या मनाने येतात, मी कोणाकोणाला अडवू? त्या म्हणाल्या, "अडवू नका. पन उंबऱ्यावर नारळ फुटला का आमच्यासारखा मानूस बाहेरच थांबते, हे तुमाले दिसलं नाई काय? इतक्या दिसांत आमच्या वस्तीतलं एक तरी मानूस आत आलं?"

आलं नव्हतं. मी गर्दी पाहत होतो, गर्दीत कोण नाही ते पाहिलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी देवीला मी इतर चित्रांच्या रांगेत, आतल्या भिंतीवर नेलं. पुढे सुतळी बांधली. उंबरा धुतला. बाया चिडल्या, एकीने मला शाप दिला, रांग आटली. नत्थुजी आठवडाभर माझ्याशी तुझ्यासारखाच वागला. पण शनिवारी भागीरथाबाई पोरींना घेऊन आल्या आणि त्या पोरींनी सगळं गोदाम डोक्यावर घेतलं. आता दर शनिवारी त्यांचा चित्रांचा वर्ग इथे भरतो. फरशीवर खडूने काढतात. तुझी फरशी आहे हे मी त्यांना सांगितलं आहे, पुसून जातात.

गर्दी कमी झाली, पण मला झोप बरी लागते.

सूर्यभान


अमरावती, १३ फेब्रुवारी १९६१

ती. स्व. अक्का,

संक्रांतीचा तिळगूळ खुशालरावांच्या हाती आला. कागदावर नाव नव्हतं, पण वऱ्हाडात इतका कडक लाडू एकच बाई करते. दाढ शाबूत आहे. गोड बोलायची अट त्यात होती का, ते मात्र कळलं नाही.

लोक गोदामात येत नाहीत तर गोदाम लोकांकडे जाईल, असं आम्ही ठरवलं. मी, नत्थुजी आणि भाड्याची बैलबंडी. चित्रं बंडीला चारी बाजूंनी टांगली आणि बाजाराच्या दिवशी परतवाड्याला जाऊन उभे राहिलो. एका बाजूला मिरच्या, दुसऱ्या बाजूला मेळघाटातून आलेले डिंक आणि मध विकणारे. मध्ये आम्ही.

पहिला माणूस म्हणाला, "कितीले देता?" मी म्हटलं, विकायला नाही, बघायला. तो म्हणाला, "मंग बाजारात कावून आनलं?" दुसऱ्याला नुसती चौकट हवी होती, घरी आरसा होता. शेवटी मी चिडून कागद काढला आणि मिरच्यावालीचंच चित्र काढायला बसलो. झालं! मिरच्या सोडून बाजार आमच्याभोवती. प्रत्येकाला आपलं तोंड कागदावर हवं. एका म्हाताऱ्याने चित्र हातात घेतलं, उलटंसुलटं पाहिलं आणि म्हणाला, "माह्या बापासारखा दिसतो मी." मग घडी घालून टोपीत ठेवलं. परतताना बंडीत चित्रं कमी आणि वांगी, मध, बोरं जास्त. तुझ्यासाठी मधाची बाटली पाठवतो आहे.

एक निसर्गचित्र मात्र परत आलं नाही. हरवलं नाही, चोरीलाही गेलं नाही. मागे कणकेची खळ लावलेली होती आणि आम्ही बैल बंडीच्या फार जवळ बांधले होते. नत्थुजी म्हणतो, हिरवं होतं, त्याचा काय दोष.

सूर्यभान


अमरावती, २ मे १९६१

अक्का,

ऊन मी म्हणतं आहे आणि मी खुशीत आहे, म्हणून लांबण लागली तर लागू दे.

भागीरथाबाईंच्या वस्तीत घराघरांच्या भिंतींवर लोकांनी आपापल्या हाताने बुद्ध काढले आहेत. गेरूने, निळीने, चुन्याने. कोणाचा बुद्ध हसतो, कोणाचा थेट त्या घरच्या आजोबांसारखा दिसतो. मी वेड्यासारखा पाहत हिंडलो. बुद्धपौर्णिमेला याचंच प्रदर्शन करायचं म्हणालो. बाई म्हणाल्या, "भिंत उचलून नेता काय?"

भिंत येत नाही, तर गाव भिंतीकडे. आम्ही छापून जाहीर केलं: या वेळी अजब गोदाम बंद, प्रदर्शन स्टेशनामागे. प्रत्येक घराला रांगोळी, प्रत्येक दार उघडं. गावातली बरीच मंडळी आली, नुसत्या कुतूहलाने का होईना. घरची बाई किंवा बुवा दारात उभे राहून आपलं चित्र आपण समजावून सांगत होते. आणि प्रत्येक घरात चहा.

तिथे गाडी अडली. चित्र पाहून होईपर्यंत आमची सभ्य मंडळी बोलत होती. कप पुढे आला की कोणाला पित्त, कोणाचा उपास, कोणाला उशीर झालेला. भागीरथाबाईंनी थोडा वेळ पाहिलं. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "पाह्यले डोये आनले, अन् तोंड घरी ठेवून आले काय?"

अक्का, मी तोवर माझा कप संपवला होता, आणि नत्थुजी दुसऱ्यावर होता. तो बशीतला चहा फुंकत म्हणाला, "घ्या ना बाप्पा, साखर चांगली हाये." लोक हसले. हसताना दोघांनी कप उचलले, मग चौघांनी. सगळ्यांनी नाही, आणि तसं मी तुला सांगणारही नाही. काही जण तसेच गेले. पण त्या दिवशी आलेल्यांपैकी काही आता शनिवारी आपल्या पोरी आमच्या वर्गाला पाठवतात. वस्तीतली माणसं आता गोदामात येतात आणि उंबऱ्याशी थांबत नाहीत. गावात एक मंडळही तयार झालं आहे. संग्रहालय पुढे चालावं म्हणून रीतसर नोंदणी करायची म्हणतात. मी त्यांना म्हटलं, जागा माझ्या बहिणीची आहे, दसऱ्यापर्यंत काही बोलू नका.

त्यांनी विचारलं, बहीण काय म्हणते? मी म्हटलं, विचारात आहे. खोटं बोललो का?

सूर्यभान


अमरावती, १४ ऑगस्ट १९६१

ती. स्व. अक्का,

आता एक मागणं आहे. गोदामाचं नाही, घाबरू नकोस.

सप्टेंबरभर तान्ह्या पोळ्याच्या लाकडी बैलांचं प्रदर्शन करतो आहे. पुण्याहून एक पाहुणे आले होते, त्यांना पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं लाकडी बैल घेऊन निघतात हे ठाऊकच नव्हतं. मला त्यांची कीव आली आणि प्रदर्शन सुचलं. घरोघर फिरलो. माळ्यावरून, कोठीतून, देव्हाऱ्यामागून बैल निघाले. बोटाएवढे, वासराएवढे, चाकं असलेले, कान तुटलेले. प्रत्येकाच्या गळ्यात पाटी: बैलाचं नाव, मालकाचं नाव, गाव.

मांडायच्या दिवशी भांडण. एका गावचे पाटील आले आणि आपला बैल दारामागे पाहून तांबडे झाले. "पोयाच्या तोरनाखाली आमची जोडी पयली असते. इथं आमचा बैल कोनाच्या बुडाखाली ठेवला?" मी म्हटलं, मी उंचीप्रमाणे लावले आहेत. ते म्हणाले, मान उंचीवर नसतो. मीही आवाज चढवला. भागीरथाबाई मधे पडल्या, "गोल लावा. गोलात ना कोनी पयला, ना कोनी मांगचा." आता गोदामाच्या मधोमध बैलांचं भलंमोठं कडं आहे. सगळ्यांची तोंडं आत. पाटलांनी दोन फेऱ्या मारल्या, आपला बैल नेमका कितवा ते त्यांना ठरवता येईना, आणि ते घरी गेले.

त्या कड्यात एक जागा मी मोकळी ठेवली आहे. अक्का, माझा चांद्या कुठे आहे?

तुला आठवतो ना? आई गेली त्या वर्षी सुताराने सागाच्या तुकड्यातून केलेला, कपाळावर चंद्र. मी दोरी धरून पुढे आणि तू मागे मागे. आपल्या गावच्या पेठेतल्या घराघरातून मला बोजारा मिळायचा, मुरमुरे, गूळ, फुटाणे, आणि तो तू ओच्यात धरायचीस. शिंग मोडलं तेव्हा तू मला मारलं होतंस, तेही मला आठवतं. चांद्या तुझ्याकडे असेल तर महिनाभर पाठव. नसेल तर नसल्याचं कळव. पाटी मी करून ठेवली आहे: 'चांद्या. मालक: सूर्यभान.'

सूर्यभान


अमरावती, ११ सप्टेंबर १९६१

अक्का,

खुशालराव आज अकोल्याला पोचतील. त्यांच्या आधी हे पत्र पोचणार नाही, पण त्यांनी सांगितल्यावर तरी हे वाच.

मी प्रदर्शनाच्या तारखा इंग्रजी महिना पाहून ठरवल्या. एक ते तीस सप्टेंबर. दारावर माझ्याच सुंदर अक्षरात लिहिलं: 'महिनाभर बैल परत मिळणार नाहीत.' शेतकऱ्याच्या पोटी जन्मलेल्या, पुरणपोळी खाऊन वाढलेल्या या तुझ्या भावाला हे सुचलं नाही की तान्हा पोळा त्या महिन्याच्या मधेच येतो! आणि गावातले झाडून सारे लाकडी बैल माझ्या कुलपात!

काल सकाळी दार उघडलं तर समोर पोरंच पोरं. हातात बेगड, घुंगरमाळा, चिंध्यांच्या झुली. मागे त्यांच्या आया. नत्थुजी टोपी घालून आडवा उभा. मी वहाणा न घालताच धावलो आणि सांगू लागलो, नियम आहे, नोंदी झाल्या आहेत, बैल तुटतील, हरवतील. एक म्हातारी पुढे आली. "बैल तुमी बांधून ठेवले. पोरायनं आज काय तुमची पाटी वढत न्यावं?"

मी तरी ऐकेना. तुला माझा स्वभाव माहीत आहे, चूक झाली की माझा आवाज मोठा होतो. शेवटी भागीरथाबाईंनी मला बाजूला घेतलं. "सूर्यभानजी, पोयाच्या दिवशी बैलाले कोनी जुंपत नाई, बरोबर? मंग बांधून ठेवता कावून?"

मी कुलूप काढलं.

अक्का, तू असायला हवी होतीस. सगळं प्रदर्शन गळ्यात पाट्या घालून बाहेर पडलं. राजकमल चौकातून जवाहर गेटापर्यंत बैलच बैल. लोक दुकानांतून बाहेर येऊन पाट्या वाचत होते. हा आमच्या पोरायचा, हा तुमच्या पोरायचा, हा वस्तीतल्या पोरायचा, असं चाललं होतं. एका घरी बोजारा, पुढच्या घरी बोजारा, कोणी कोणाचं नाव विचारलं नाही. पाटलांचा बैल कुठेतरी मधेच होता आणि पाटील स्वतः त्याच्यामागे नाचत होते. मीही नाचलो. ते खुशालराव सांगतीलच.

कारण नेमकं त्याच वेळी ते एस.टी.तून उतरले आणि गोदामात गेले. या हंगामात किती कापूस मावेल ते बघायला तू पाठवलं होतंस. आत रिकामी टेबलं, आणि एकटा नत्थुजी.

"माल कुठं हाये?" खुशालरावांनी विचारलं.

"चरायले गेला," नत्थुजी म्हणाला. "संध्याकाळी येते."

खरं सांगू? मला स्वतःला खात्री नव्हती. पोराच्या हातात गेलेला बैल परत येतो का? मिरवणूक संपली तसा मी गोदामाकडे परतलो. पायरीवर खुशालराव, त्यांच्याशेजारी मी. दिवस कलला. मग पहिलं घुंगरू वाजलं. एक आला, मग तीन, मग सगळी गल्ली भरून. पोरं आपापला बैल कड्यात नेऊन ठेवत होती, आणि ज्यांचे आमच्याकडे नव्हते तेही आणून ठेवत होते. "याले बी राहू द्या, एकटा घरी करमत नाई त्याले." कडं इतकं मोठं झालं की भिंतीला टेकलं.

जाताना खुशालरावांनी कड्यातल्या मोकळ्या जागेकडे बोट केलं. "ही पाटी बिनबैलाची कावून?" मी म्हटलं, तो अकोल्याला आहे, यायचा आहे. त्यांनी पाटी वाचली, आणि का कोण जाणे, हसले.

सूर्यभान


अमरावती, ९ ऑक्टोबर १९६१

अक्का,

दसरा आला. चावी चिंचेने घासून ठेवली आहे. सीमोल्लंघन करून दुपारच्या गाडीने मी अकोल्याला येईन आणि सोन्याबरोबर ती तुझ्या हातावर ठेवीन. आदळणार नाही.

मंडळाची नोंदणी झाली. शाळेच्या पोरी एका बाजूला, परतवाड्याचा बाजार दुसऱ्या बाजूला, असं आमचं बरं चाललं आहे. हे सगळं गोदामावाचून कसं चालेल, ते मला माहीत नाही. मंडळाने दुसरी जागा शोधली, मिळाली नाही. चांगली जागा लोकांना कापसासाठीच हवी असते.

वर्षभर तुला वाकड्या वाटेने लिहिलं, आता सरळ लिहितो. मला हे गोदाम हवं आहे. हट्ट म्हण, काहीही म्हण. मी हरलो नाही, अक्का, आणि हे तुला दिसावं असं मला फार वाटतं. पण गोदाम तुझं आहे, शब्द मी दिला आहे, आणि कापूस ठेवायचा असेल तर मी स्वतः गाठी लावून देईन. तेवढं झालं की माझ्याशी बोल. वर्षभर दर पत्रानंतर मी टपालवाल्याची वाट पाहिली. आई गेल्यावर मला तूच होतीस. तुझ्या आवाजाशिवाय मला करमत नाही, मग तो शिव्यांचा असला तरी चालेल.

बैल उद्यापासून घरोघरी परत करतो. मोकळी जागा मोकळीच राहिली.

तुझा
सूर्यभान


जठारपेठ, अकोला, १६ ऑक्टोबर १९६१

सूर्यभान यास,

अनेक आशीर्वाद. मी बोलतो तसंच लिहून राहिली, पुन्यावाल्या पाहुन्यायले दाखवू नको.

तुही सारी पत्रं भेटली. एकही चुलीत घातलं नाई. खुशालराव दर खेपी सांगे, मी आयकून न आयकल्यासारखं करे. वर्षभर मी बोलली नाई, कावून का बोलली असती तर पयल्याच पत्राले हो म्हनून बसली असती. नारळाचं वाचून मले इतकं हासू आलं का गिऱ्हाईक वापस गेलं. अन् त्या मास्तरीनबाईले माहा नमस्कार सांग. तिले म्हन, अकोल्याले आली का चहा माह्या घरी.

मी म्हनत होती, माह्या भावाच्या दुकानात कुत्रं फिरकनार नाई, तो रडत माह्यापाशी येईन. खुशालराव तान्ह्या पोयाहून आला अन् म्हने, "बाई, गोदाम रिकामं होतं, अन् मी इतकं भरलेलं गोदाम कधी पाह्यलं नाई." त्या मानसानं इतक्या वर्सांत कापसाशिवाय दुसरी गोष्ट सांगितली नोती.

चावी आनू नको. तुह्यापाशीच राहू दे. माहा कापूस मी अकोल्यात ठेवतो, इथं जागा हाये. मंडयाच्या लोकायले सांग, बहिनीचा विचार झाला.

दसऱ्याले खाली हातानं ये, जेवाले ये. पुरन घालतो.

आता चांद्याचं. खुशालरावाच्या हाती पाठवून राहिली, सरकीच्या पोत्यात बांधला हाये, हयू सोड. लग्न होऊन आली तवा मी तो माह्या पेटीत घालून आनला, कोनाले सांगितलं नाई. मोडकं शिंग तसंच हाये. ते तू मोडलं.

पन तुही पाटी खुशालरावानं वाचून येऊन सांगितली. ते चालनार नाई. सुताराले तो बैल मी मांगितला होता, माह्यासाठी. तो म्हने, पोरीले कशाले बैल, तान्हा पोया पोरायचा. बाबा म्हने, भावाच्या नावानं घेऊन जा. तुले तवा धड चालता येत नोतं. मी तुले कडेवर घेतलं, तुह्या मुठीत दोरी देल्ली, अन् तुही मूठ माह्या मुठीत धरून बैल मी वढला. साऱ्या पेठेत वढला. बोजारा तुले भेटे. मांगं कोन होतं म्हनतो रे?

पाटी पुसून टाक. माहं नाव लिह्य: 'चांद्या. मालक: गोदा.'

बाकीचे बैल आपापल्या घरी जाऊ दे, हा तुह्या गोदामात बांध. पुढच्या तान्ह्या पोयाले मी येतो. दोरी या वक्ती मी धरतो.

तुही
अक्का